खडकाकडे वशिला चालत नाही

समुद्रावर जायचं म्हणजे वाळूवर जायचं, हे आपण इतकं गृहीत धरलेलं आहे की सहलीच्या जाहिरातीत दुसरं काही दिसलं तर लोक पैसे परत मागतील. वाळू मऊ असते, उतार हळूहळू असतो. पाणी आधी घोट्याला, मग पोटरीला, मग गुडघ्याला अशी परवानगी मागत मागत वर येतं, आणि कुठल्याही टप्प्यावर ‘आज एवढं पुरे’ असं म्हणून अब्रूनिशी परत फिरता येतं. थोडक्यात, वाळू माणसाचा तोरा सांभाळते. पँट दुमडून, हातात चपला आणि कानाला मोबाइल घेऊन पाण्यात उभा राहिलेला साहेब कचेरीत दिसतो तितकाच साहेब दिसू शकतो. खडकावर हे जमत नाही. आणि नेमकं म्हणूनच, ग्रीसमधल्या हायड्रा बेटावर गावाला लागून पोहण्याची जी खडकाळ जागा आहे, ती भल्याभल्या पुळणींपेक्षा श्रेष्ठ आहे, असं माझं म्हणणं आहे. तिचं श्रेष्ठत्व पाण्याच्या निळाईत नाही आणि सूर्यास्तातही नाही. तिथे माणसाला आपलं पद, पैसा आणि पोक्तपणा टॉवेलाबरोबर काठावर काढून ठेवावा लागतो, यात ते आहे.

हायड्रा, किंवा ग्रीक उच्चाराप्रमाणे ईद्रा, हे सरॉनिक आखातातलं बेट. अथेन्सच्या पिरेअस बंदरातून वेगवान बोटीने दीड-दोन तासांत तिथे पोचता येतं. बेटावर मोटारी नाहीत, स्कूटर नाहीत, सायकलीलाही मनाई आहे. कचऱ्याचा ट्रक आणि तशीच निकडीची एखाददुसरी गाडी सोडली तर चाक या वस्तूला तिथे कामच नाही. सामान खेचरांच्या आणि गाढवांच्या पाठीवरून चढतं. त्यामुळे चार चाकांची महागडी बॅग घेऊन आलेल्या पर्यटकाचा पहिला गर्वभंग धक्क्यावरच होतो. आपली बॅग खेचरावर बसून मजेत पुढे निघाली आहे आणि आपण तिच्यामागून पायऱ्या चढतो आहोत, हे दृश्य त्याला पाहावं लागतं. पण हा झाला पूर्वपाठ. खरा धडा बंदराच्या पश्चिमेला, धक्क्यापासून काही मिनिटांच्या चालीवर आहे. बुरुजावर जुन्या तोफा मांडलेल्या आहेत, आणि त्यांच्या खालच्या अंगाला स्पीलिया नावाची जागा. खडकातल्या पायऱ्या, मधेमधे सिमेंटचे ओबडधोबड ओटे, समुद्रात सोडलेल्या लोखंडी शिड्या, आणि शिडी संपते तिथे थेट खोल पाणी. वाळू औषधालाही नाही. वाट तशीच पुढे कामिनी नावाच्या वस्तीकडे जाते. नाव ऐकून मराठी वाचकाने लगबग करू नये, तिथे मच्छीमारांच्या होड्या असतात.

खडकाने माणसाला सरळ करण्याचं हे काम पर्यटक आल्यावर सुरू झालं असं नाही. त्याआधी त्याने सगळं बेटच वळणावर आणलं होतं. जमीन पिकेना, म्हणून हायड्राची माणसं जहाजांवर गेली. नेपोलियनच्या युद्धांत इंग्रज आरमाराची नाकेबंदी चुकवून धान्य पोचवण्याच्या धंद्यात त्यांनी एवढा पैसा केला की बंदराभोवती दगडी वाडे उभे राहिले. १८२१ मध्ये तुर्की सत्तेविरुद्ध ग्रीकांचं स्वातंत्र्ययुद्ध पेटलं तेव्हा याच उजाड बेटाने लढाईला गलबतं दिली आणि आंद्रेआस मिआउलिससारखा आरमारप्रमुख दिला. पुढे इथली माणसं समुद्राच्या तळाशी जाऊन स्पंज काढू लागली. १९५७ च्या ‘बॉय ऑन अ डॉल्फिन’ या चित्रपटात सोफिया लॉरेन हायड्राची स्पंज काढणारी मुलगीच झाली आहे, आणि त्या चित्रपटाने बेटाला जेवढे पर्यटक मिळवून दिले तेवढे मिआउलिसच्या पराक्रमाने मिळवून दिले नसतील. स्पंजवाल्यांची बुडी मारण्याची ग्रीक तऱ्हाही ध्यानात घेण्याजोगी आहे. दहा-बारा किलोची चपटी शिळा छातीशी धरायची आणि तिच्या वजनाने तळ गाठायचा. १९१३ मध्ये कार्पाथोस बेटापाशी एका इटालियन युद्धनौकेचा नांगर हरवला, तेव्हा स्ताथिस हात्झिस नावाच्या किरकोळ शरीरयष्टीच्या स्पंजवाल्याने याच पद्धतीने सत्तर मीटरहून खोल जाऊन त्याला दोर बांधला. म्हणजे वर येताना खडक, खाली जाताना धोंडा. ज्या लोकांचा समुद्राशी व्यवहार असा दगडाच्या मध्यस्थीने चालतो, त्यांना वाळूचं कौतुक कुठून असणार? अगदी अडाणी माणसाला ना वाचता येतं ना पोहता येतं, अशा अर्थाची एक म्हण प्लेटोने आपल्या ‘लॉज’ या ग्रंथात नोंदवली आहे. या निकषावर आपल्याकडचे कितीतरी पदवीधर निम्मे अडाणी ठरतात, आणि उरलेल्या निम्म्याचीही खात्री देता येत नाही.

आता मुख्य पुरावा, म्हणजे पाण्यात उतरण्याची क्रिया. खडकावरून पाण्यात जाण्याचे मार्ग तीन. पहिला उडीचा. तो गावातली पोरं वापरतात. त्यांना कुठल्या दगडाखाली किती पाणी आहे हे पाठ असतं, आणि आपण काठावर उभं राहून अंदाज घेत असताना तीच पोरं पाचव्यांदा उडी मारून जातात. दुसरा मार्ग शिडीचा. शिडीवरून समुद्राकडे तोंड करून उतरता येत नाही. खडकाकडे तोंड आणि समुद्राकडे पार्श्वभाग करूनच खाली जावं लागतं. जगातल्या कुठल्याही कंपनीच्या अध्यक्षाला आपला प्रवेश या बाजूने व्हावा असं वाटत नाही, पण स्पीलियाला दुसरी बाजू मान्य नाही. तिसरा मार्ग शास्त्रात सांगितलेला नसला तरी बहुसंख्य लोक तोच पत्करतात. खडकावर बसायचं, दोन्ही तळवे मागे टेकायचे आणि इंचाइंचाने सरकत जायचं. मधेच एखादा कंगोरा लागतो, ‘आई गं’ हा उद्गार आपापल्या मातृभाषेत निघतो, आणि त्या क्षणी जर्मन इंजिनिअर, अथेन्सचा वकील आणि ठाण्याचे निवृत्त उपसंचालक यांच्यात कसलाच फरक उरत नाही. पुळणीवर माणसं एकमेकांकडे चोरून पाहतात. खडकावर ती उघडपणे पाहतात, कारण पुढचा पाय कुठे ठेवतो हे बघून आपला ठेवायचा असतो. ‘तिथे नको, निसरडं आहे’ हे वाक्य अनोळखी माणूस अनोळखी माणसाला सांगतो, आणि कळण्यासाठी त्याला भाषेची गरज पडत नाही.

जे काम कंगोऱ्यांनी अर्धवट सोडलं असेल ते सी अर्चिन पूर्ण करतो. काळ्या-जांभळ्या काट्यांचा हा गोळा पाण्याखालच्या खडकाला चिकटून बसलेला असतो. त्यातली खाण्याजोगी जात अंगावर शिंपल्यांचे तुकडे आणि खडे ओढून घेते, म्हणजे ज्याच्यावर पाय पडला तर निदान पुढे खाऊन सूड उगवता येईल असा तोच नेमका लपलेला असतो. काटा तळव्यात शिरला की मोडतो आणि आतच राहतो. मग काठावर वैद्यकीय परिषद भरते. एक म्हणतो ऑलिव्हचं तेल चोळा, दुसरा म्हणतो व्हिनेगर लावा, तिसरा चिमटा मागतो. यातला व्हिनेगरवाला अगदीच निराधार बोलत नसतो, कारण काटा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि आम्लाने तो थोडाफार विरघळतो. या प्राण्यावरचा खरा उपाय म्हणजे रबराचे बूट. ते ज्या रंगांत मिळतात ते पाहता, माणसाचं उरलंसुरलं गांभीर्य घालवण्यासाठीच ते काढले असावेत. मनगटावर लाखाचं घड्याळ आणि पायात पोपटी रबरी बूट असा माणूस एकदा दिसला, की त्याच्या घड्याळाचा धाक कायमचा संपतो.

पण समतेचा कळस म्हणजे शिडी. ती कुठल्याही ओट्याला एखादीच असते आणि पाण्यात माणसं पुष्कळ असतात. तेव्हा तिथे न लिहिलेला एक कायदा चालतो. मुंबईच्या लोकलच्या दारातला तोच: आधी बाहेर येणाऱ्यांना वाट द्यायची. फरक इतकाच की इथे मागून रेटा नसतो, कारण रेटायला पायाखाली जमीन लागते. बाहेर येणारा थकलेला असतो, त्याला लाट एकदा शिडीजवळ आणते आणि एकदा लांब नेते, म्हणून त्याचा हक्क पहिला. मंत्र्यालाही यातून सूट नाही. या शिडीमागे भूगोलही आहे. एजियन आणि त्याच्या लगतच्या पाण्यात भरती-ओहोटी जेमतेम वीतभर, फार तर हातभर असते, म्हणूनच खडकात शिडी ठोकून ठेवता येते आणि वर्षभर तिचं खालचं टोक पाण्यात राहतं. मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांतलं अंतर चार मीटरच्या पुढे जातं. तिथे अशी शिडी बसवली तर सकाळी ती बुडेल आणि दुपारी हवेत लोंबकळेल, आणि मधल्या वेळात तिच्या दुरुस्तीची निविदा निघेल.

इथे कोकणातला वाचक पहिला आक्षेप घेईल, आणि त्याचा तो हक्कच आहे. खडक आमच्याकडे नाहीत का? हरिहरेश्वराच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर एवढा सुंदर कातळ आहे, तो कोणाला दिसत नाही का? दिसतो, पण तो वेगळ्या समुद्राच्या ताब्यात आहे. कोकणच्या कातळाला भरती बघता बघता वेढा घालते, शेवाळ त्याला तेलकट करून ठेवतं, आणि पावसाळी लाट माणसाला विचारून येत नाही. हरिहरेश्वरला तशा लाटांनी माणसं ओढून नेलेली आहेत, आणि तिथे स्थानिकांनी ‘खाली जाऊ नका’ म्हटलं तर जायचं नसतं. जो खडक माणसाची फजिती करतो तो शिक्षक. जो जीव घेतो त्याला लांबून नमस्कार करावा. स्पीलियाचा खडक शिक्षक होऊ शकला तो उन्हाळ्यातल्या शांत दिवशी पाणी जागच्या जागी राहतं म्हणून, त्याच्या अंगी काही जास्त सद्गुण आहेत म्हणून नव्हे. वारा उठला की तिथेही शहाणी माणसं काठावर बसून कॉफी पितात.

दुसरा आक्षेप असा की हे समतेचं वगैरे सगळं ठीक, पण लोक तिथे जातात ते निळ्याशार, तळ दिसणाऱ्या पाण्यासाठी. ते खरंच आहे, फक्त त्या निळाईचं गुपित जरा ओशाळवाणं आहे. पूर्व भूमध्य समुद्र हा पोषक द्रव्यांच्या बाबतीत कमालीचा गरीब. द्रव्य कमी म्हणून प्लवक कमी, प्लवक कमी म्हणून पाणी आरपार. त्यात हायड्राला गाळ आणून ओतणारी नदी नाही आणि ढवळली जाणारी वाळूही नाही. आपला कोकणातला समुद्र गढूळ दिसतो, कारण तो खाऊन-पिऊन सुखी आहे. नद्यांनी आणलेला गाळ, त्यातलं खाद्य, त्यावर जगणारा बांगडा आणि त्यावर जगणारे आपण, असा तो भरला संसार आहे. तेव्हा ज्या पाण्याचा फोटो पाहून आपण उसासे टाकतो ते उपाशी पाणी आहे, आणि हायड्राच्या खानावळीत ताज्या मासळीचा किलोचा भाव वाचला की त्या उपासाची झळ आपल्यालाही लागते. हे पाणी खारटही जास्त. जगातल्या समुद्रांची सरासरी किलोमागे ३५ ग्रॅम मिठाची, इथे ती ३८-३९ च्या घरात जाते. त्यामुळे अंग किंचित जास्त तरंगतं. साठी-सत्तरीच्या ग्रीक बायका डोक्यावर टोपी घालून, केस कोरडे ठेवून, गळ्यापर्यंतच्या पाण्यात उभ्याने तरंगत तासन्‌तास गप्पा मारतात, त्यात सरावाचा वाटा मोठा असला तरी मिठाचाही थोडा आहे. या बैठकीत कोण मोठ्या घरची आणि कोण धाकट्या घरची, हे फक्त टोपीवरून ओळखावं लागतं.

तिसरा आक्षेप डाव्या विचाराच्या वाचकाचा, आणि तो सर्वांत टोकदार. हायड्रा हे आता श्रीमंतांचं बेट आहे, बंदरात नौका उभ्या असतात, स्पीलियाच्या वरच्या अंगाला उपाहारगृहं आणि आरामखुर्च्या आहेत, मग समता कसली? तरुण कवी लेनर्ड कोहेनने १९६० मध्ये दीड हजार डॉलरला तिथे घर घेतलं होतं. आज त्या पैशांत घराची खिडकीही मिळणार नाही, हेही खरं. पण खुर्चीचा प्रश्न ग्रीसमध्ये मुळात वाळूने निर्माण केला. किनारा कायद्याने सार्वजनिक असूनही पुळणींवर खुर्च्यांच्या रांगा एवढ्या पसरल्या की २०२३ च्या उन्हाळ्यात पारोस बेटावरचे लोक टॉवेल घेऊन रस्त्यावर, म्हणजे वाळूवर, उतरले. ते ‘टॉवेल आंदोलन’ इतर बेटांवर पसरलं, आणि २०२४ च्या कायद्याने पुळणीचा निदान निम्मा भाग, संरक्षित ठिकाणी तर ७० टक्के, खुर्च्यांपासून मोकळा ठेवणं सक्तीचं केलं. पाण्याच्या रेषेपासून चार मीटर अंतरही सोडायला लावलं. वाळू सपाट असते, म्हणून ती मोजून, आखून, भाड्याने देता येते. खडक आखायला गेलं तर आखणाराच घसरतो. सिमेंटच्या ओट्यावर खुर्ची मांडता येते, त्याचे पैसेही घेता येतात. पण पैसे दिलेल्या माणसाला पाण्यात जायचं झालं की खुर्चीवरून उठून त्याच शिडीशी यावं लागतं, आणि घरून सँडविच बांधून आणलेल्या विद्यार्थ्याच्या मागे उभं राहावं लागतं. खुर्ची विकत मिळते. शिडीवरचा नंबर विकत मिळत नाही.

चौथा आक्षेप खुद्द होमरचा. ‘ओडिसी’च्या पाचव्या सर्गात तराफा फुटलेला ओडिसियस एका खडकाळ किनाऱ्याला लागतो. लाट त्याला कातळावर आदळते, तो दोन्ही हातांनी दगड धरतो, परतणारी लाट त्याला ओरबाडून काढते आणि हातांची साल खडकावरच राहते. होमर इथे बिळातून ओढून काढलेल्या ऑक्टोपसची उपमा देतो. शेवटी हा शहाणा वीर पोहत पोहत नदीचं मुख शोधतो, जिथे खडक नाहीत असं. म्हणजे ग्रीकांचा आद्य जलतरणपटूच खडक नाकारून पुढे गेला. पण पुढचा सर्ग वाचावा. त्या सोयीच्या किनाऱ्यावर उतरल्यावर काय झालं? दुसऱ्या दिवशी राजकन्या नौसिका आणि तिच्या मैत्रिणींसमोर इथाकाच्या राजाला झाडाची फांदी तोडून लाज झाकावी लागली. एवढा नामवंत योद्धा, पण सांगायला राज्य नाही, दाखवायला वस्त्र नाही. मग त्याच्याजवळ उरलं ते नम्रपणे बोलणं, आणि त्यावरच त्याचं काम झालं. खडक जे मिनिटात शिकवतो त्याला नदीच्या मुखाने एक रात्र जास्त घेतली, एवढंच.

पाचवा आक्षेप मात्र मोडता येत नाही. ज्याचे गुडघे साथ देत नाहीत, ज्याला चाकाची खुर्ची लागते, त्याला ही समता काय कामाची? ज्या शिडीवर सगळे सारखे, त्या शिडीपर्यंत पोचताच येत नसेल तर तो सारखेपणा धडधाकटांचा खासगी क्लब ठरतो. ग्रीसमध्येच यावर तोड निघाली आहे. सीट्रॅक नावाचं सौरऊर्जेवर चालणारं एक उपकरण रुळांवरून खुर्ची थेट समुद्रात नेतं, आणि माणूस कोणाची मदत न घेता पाण्यात उतरतो. ते मुख्यतः पुळणींवर बसवलेलं आहे. वाळूच्या बाजूने आतापर्यंत कोणी मांडलेला हा सर्वांत भक्कम मुद्दा, आणि तो निमूटपणे मान्य केला पाहिजे. माझा दावा त्यामुळे आवरता घ्यावा लागतो: खडक सर्वांना समान करत नाही. जे आधीच समान असून स्वतःला मोठे समजतात, त्यांना तो त्यांच्या जागी आणतो.

पण अशी माणसं काही थोडी नाहीत, आणि म्हणून या खडकाचा उपयोग केवळ उन्हाळी सुटीपुरता ठेवणं हा अपव्यय आहे. मोठमोठ्या परिषदा वातानुकूलित सभागृहांत भरतात, तिथे खुर्च्यांची उंची आणि रांगांचा मान यांवरच अर्धा दिवस जातो. त्या स्पीलियासारख्या ठिकाणी भराव्यात. ओल्या अंगाने, पोपटी बुटांत, पायाखाली अर्चिन नाही ना हे पाहत उभ्या असलेल्या माणसाला दुसऱ्याला तुच्छ लेखणं फार जड जातं. आपल्याकडेही प्रयोगादाखल सुरुवात साहित्य संमेलनापासून करता येईल. अध्यक्षांनी भाषण शिडीच्या मधल्या पायरीवरून करावं, कमरेइतक्या पाण्यात. भाषण आटोपशीर होईल, स्वागताध्यक्षांचं त्याहून आटोपशीर होईल, आणि आभारप्रदर्शन होणारच नाही, कारण नमस्काराला दोन्ही हात लागतात आणि शिडी निदान एक हात मागते.